कोपऱ्यातली कवटी

१

"एर्लेंड, एक कमी आहे!"

पुरातत्त्वज्ञ डॉ. रोवेना पीबल्सचा आवाज थडग्याच्या आतून आला, विहिरीतून यावा तसा. हेल्से बेटाच्या दक्षिण कड्यावरच्या या थडग्यात पाच हजार वर्षांत कुणी उभ्यानं शिरलेलं नाही. दगडी बोळ फार बुटका आहे. चाकं लावलेल्या फळीवर उताणं पडायचं, छताचा दोर धरायचा आणि हातांनी स्वतःला ओढत न्यायचं. आत पोचल्यावर मात्र उभं राहता येतं. बाजूच्या खणात दगडी कट्ट्यावर कवट्यांची रांग मांडलेली आहे. रांगेतली पहिली सगळ्यांत नावाजलेली. तिच्या कपाळावर गेरूचा पट्टा आहे आणि तिचं चित्र आमच्या बेटावरच्या प्रत्येक चहाच्या कपावर आहे.

ती जागेवर होती. कोपऱ्यातली, शेवटची, साधी कवटी गेली होती.

बाहेर वाऱ्यात दोघं उभी होती. एक एर्लेंड स्कार्थ, थडगं दाखवणारा गाइड, सत्तरीला टेकलेला. दुसरी हॅनेके तेर्पस्त्रा नावाची डच बाई, कालही आलेली आणि आज पुन्हा आत जायचं म्हणून हटून बसलेली. बोळाच्या तोंडाशी लोखंडी दार होतं. कुलूप फोडलेलं नव्हतं, कड्या वाकवलेल्या नव्हत्या.

रोवेना फळीवरून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"उद्या मी दातांचे नमुने घेणार होते," ती म्हणाली. "हे कुणीतरी मला अडवायलाच केलंय. आणि अडवणारी कोण आहे हे अख्ख्या बेटाला ठाऊक आहे."

२

सार्जंट दविना क्लाउस्टन दुपारच्या बोटीनं आली. जनावरांच्या जत्रेचा आठवडा नुकताच संपला होता. दारू प्यायलेले शेतकरी आणि हरवलेल्या मेंढ्या यांच्यामागे धावून तिचे पाय भरून आले होते. त्यात बोट सगळी वाट डुलत आली. धक्क्यावर उतरल्यावर ती क्षणभर खांबाला टेकून उभी राहिली आणि कुणाच्या कवट्या कुणी नेल्या तरी मला काय, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. मग ती फुबिस्टरांच्या मळ्यावर गेली.

थडगं या मळ्याच्या हद्दीत आहे. मालकीण बार्बरा फुबिस्टर, सगळे तिला बाबी म्हणतात. तिचा नवरा सिगर्ड कुंपणासाठी दगड काढत असताना त्याला हे थडगं सापडलं होतं. पुढे तीस-एक वर्षांपूर्वी तो खेकड्यांची जाळी टाकायला गेला आणि परत आलाच नाही. होडी उपडी सापडली. जुन्या चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड आहे, खाली कुणी नाही.

स्वयंपाकघरात बाबीनं जवाची भाकरी आणि घरचं चीज पुढे सरकवलं. दाराशी खिळ्याला थडग्याची किल्ली लटकत होती. येणारा-जाणारा कुणीही ती उचलू शकला असता.

"खा आधी," बाबी म्हणाली. "तुझा चेहरा बघ, धुतलेल्या फडक्यासारखा झालाय."

"बाबी, तुमचा त्या नमुन्यांना विरोध होता ना?"

"होता आणि आहे. दाताला भोकं पाडून पूड काढायची म्हणे! मेलेल्यांना निदान दातदुखी तरी नको, असं मी तिला तोंडावर सांगितलं. तीन वर्षं सांगतेय."

"काल संध्याकाळी कुठं होता?"

"इथंच. जाणार कुठं? गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी हा खुबा बदलला. खुर्चीतून उठायचं तरी आधी ठरवावं लागतं. त्या फळीवर पडणं तर माझं कधीचंच सुटलंय. मला आत कुणी ढकललं तर दुसऱ्या दिवशी क्रेन मागवावी लागेल."

"काल इथं चहाला कोण होतं?"

"नेहमीचीच. डॉक्टरीणबाई, एर्लेंड आणि ती डच बाई. डच बाईनं काहीतरी चेष्टा केली, आम्ही हसलो. मग गेली सगळी."

"कसली चेष्टा?"

बाबीनं चहाची किटली उचलली. ती भरलेलीच होती, तरी ती पुन्हा नळाखाली धरायला उठली.

"आठवत नाही बाई," ती पाठमोरी म्हणाली. "वय झालं."

३

एर्लेंडनं दविनाला शेताच्या कडेनं थडग्यापर्यंत नेलं. मळ्याच्या भिंतीला त्याचं फावडं टेकवून ठेवलेलं होतं, त्याच्या पात्याला पांढरट वाळू चिकटली होती. दविनानं ते पाहिलं आणि पुढे चालत राहिली. फुबिस्टरांच्या मळ्यातली माती काळी आहे.

"तुम्ही आणि सिगर्ड एकाच होडीवर जायचा ना?" तिनं विचारलं.

"जायचो."

"तो बुडाला त्या दिवशी मात्र तुम्ही गेला नव्हता."

"माझा हात मोडला होता. नाहीतर त्याच्याबरोबर मीही गेलो असतो. तसं झालं असतं तर आज तुझ्या प्रश्नांमधून सुटलो असतो."

दविना फळीवर आडवी झाली. दगडी छत नाकावरून सरकत गेलं. एक क्षणभर तिला वाटलं, इथंच डोळे मिटावेत, इथं फोन लागत नाही. आत पोचल्यावर तिनं टॉर्च कट्ट्यावर फिरवला.

एर्लेंड मागोमाग आला आणि सवयीनं बोलू लागला. वर्षानुवर्षं तेच बोलून त्याच्या आवाजाचा रस निघून गेला होता. "ही माणसं तिशीत म्हातारी व्हायची. जातं दगडाचं, पीठ दळताना त्यात वाळू उतरायची. रोज वाळू चावून चावून दाढा झिजून सपाट व्हायच्या. बघ, एकाचीही दाढ धड नाही."

खरंच नव्हती. रांगेतल्या प्रत्येक वरच्या जबड्याच्या दाढा झिजलेल्या पायरीसारख्या गुळगुळीत होत्या. कोपऱ्यात कट्ट्यावर धुळीत एक रिकामा गोल उरला होता.

"एर्लेंड, चोराला विकायचीच होती तर गेरूवाली सोडून ही का नेली असेल?"

"मला काय माहीत."

"तुमच्या अंदाजानं?"

म्हाताऱ्यानं त्या रिकाम्या गोलावर तळहात ठेवला. "एवढं लिहून घे," तो म्हणाला. "या थडग्यातलं जुनं काहीही गेलेलं नाही."

दविनानं टॉर्च त्याच्या तोंडावर धरला. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

४

हॅनेके तेर्पस्त्रा बेटाच्या उत्तर टोकाला, दीपगृहाखालच्या कड्यावर पालथी पडून पफिन पक्षी बघत होती. दविनाही गवतात तिच्या शेजारी पालथी पडली. उभं राहण्यापेक्षा ते सोपं होतं.

"तुम्ही माझी बॅग तपासणार का?" हॅनेकेनं दुर्बीण न काढता विचारलं. "तपासा. आत सँडविच आहे आणि मोजे आहेत. मोजे ओले आहेत, सांगून ठेवते."

"तुम्ही आज पुन्हा आत जायचं का म्हणत होता?"

"कारण काल माझं कुणी ऐकलं नाही. मी जन्मभर पियानोचे सूर लावले, बाई. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांत एक बेसूर असली की मला झोप येत नाही. त्या रांगेत एक बेसूर होती."

"कोणती?"

"शेवटची. मी चहाच्या वेळी म्हटलं, तुमच्या त्या कोपऱ्यातल्या आजोबांचे दात बघून मला हेवा वाटला. सगळ्या दाढा टोकदार, सुरेख. माझे तर सगळे विकतचे! सगळे हसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या शेवटच्या कवटीकडे मी अजून वळलेच नाही, उद्या बघते. आणि मग कुणीच हसेना."

दविना उठून बसली. खाली कड्यावर पफिन चोचीत मासे घेऊन बिळात शिरत होते.

"कुणीच म्हणजे?"

"म्हातारीनं कप खाली ठेवला. इतक्या हळू की बशी वाजली नाही. आणखी एक सांगू? आज सकाळी ती बाई आतून ओरडली, एक कमी आहे. मी लगेच विचारलं, कोणती? कुणीही विचारेल. तुमच्या गाइडनं विचारलं नाही. त्यानं फक्त डोक्यावरची टोपी काढली."

५

मळ्यावर परतताना दविनानं रोवेनाला गाडीत घेतलं.

"ती कवटी नेमकी सापडली कुठं?"

"बाकीच्यांबरोबर नाही सापडली," रोवेना म्हणाली. "आमच्या जुन्या प्राध्यापकांच्या वेळी पाणी तुंबलं म्हणून फरशीचा एक दगड उचलला होता, त्याखाली होती. त्यांनी पुसली आणि कट्ट्यावर ठेवून दिली. त्यांची नजर तेव्हा अधू झाली होती, घाईही होती. त्यानंतर तिला कुणी हात लावला नाही. मी तरी का लावावा? सगळे गेरूवालीच्याच मागे असतात."

"आणि तिच्या दाढा टोकदार होत्या."

गाडी दोन वळणं पुढे गेल्यावर रोवेना हलक्या आवाजात म्हणाली, "मग ती पाच हजार वर्षांची नाही. गिरणीचं पीठ खाल्लेल्या माणसाची आहे. अरे देवा! लोक तिकीट काढून बघत होते त्याला."

स्वयंपाकघरात बाबी कोट घालून, काठी घेऊन बसली होती. जणू बोटीची वाट बघत होती.

"मी नेली," दविना आत येताच ती म्हणाली. "काल संध्याकाळी. किल्ली घेतली, गेले, उचलली आणि समुद्रात टाकली. चल, कुठं न्यायचं तिथं ने."

"आत कशा शिरलात?"

"फळीवरून."

"या खुब्यानं?"

"हळूहळू."

"बाबी, तुम्ही आत्ता खुर्चीतून उठून दाखवा बघू. टेबलाला न धरता."

म्हातारीनं टेबलाकडे पाहिलं. मग तिनं काठी आडवी केली आणि मांडीवर ठेवली.

"तू फार दमलेली दिसत होतीस," ती म्हणाली. "मला वाटलं, लिहून घेशील आणि जाशील."

दविनालाही तेच करावंसं वाटत होतं. ती समोरच्या खुर्चीत बसली. "तुमचा विरोध तीन वर्षांचा आहे. तेवढ्यासाठी चोरी करायची असती तर तीन वर्षांत कधीही झाली असती. कालच झाली, कारण काल ते दात कुणाच्या तरी डोळ्यांत भरले. चहाला चौघं होती. डॉक्टरीणबाईंना लपवायची असती तर त्यांनी आरडाओरडा केला नसता. डच बाईला लपवायची असती तर ती त्या दातांबद्दल बोललीच नसती. तुमच्यानं आत जाववत नाही. राहिला एर्लेंड. कोणती गेली हे त्याला विचारावं लागलं नाही, आणि त्याच्या फावड्याला वाळू आहे. या बेटावर पांढरी वाळू एकाच ठिकाणी उकरतात."

बाबीनं कोटाचं वरचं बटण सोडलं.

"मला फक्त एवढंच कळलेलं नाही," दविना म्हणाली, "की तुम्ही त्याच्यावर पांघरूण का घालताय. बाबी, सिगर्डला त्यानं मारलं का?"

६

जुनं चर्च किनाऱ्यावर आहे, छप्पर उडालेलं. तिथल्या कबरी वाळूतच आहेत. एर्लेंड सिगर्डच्या दगडाशेजारी भिंतीवर बसला होता. दगडापुढची हिरवळ चौकोनी कापून पुन्हा बसवलेली होती आणि ती नीट दाबून बसवायचा त्यानं बराच प्रयत्न केलेला दिसत होता.

दविनानं बाबीला गाडीतून उतरवलं. एर्लेंड भिंतीवरून उठला.

"ही विचारतेय, तू त्याला मारलंस का," बाबी म्हणाली.

एर्लेंडला आधी प्रश्न कळल्यासारखं दिसलं नाही. मग तो खाली बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. "त्याच्यासारखा मित्र मला पुन्हा मिळाला नाही," तो म्हणाला. एवढंच.

"मग सांगा, काय झालं ते," दविना म्हणाली. "आज मला सगळं ऐकायचंय."

बाबी सांगू लागली. तिला मध्ये थांबावं लागत होतं, पण ते रडण्यामुळे नव्हे, धाप लागल्यामुळे.

"तो गेल्यावर दुसऱ्या वर्षी, उन्हं जरा वर आली तेव्हा, थडग्याखालच्या कड्याच्या खाचेत, समुद्राकाठी, मी लाकडं वेचायला उतरले. तिथं तो होता. समुद्रानं फार काही ठेवलं नव्हतं. डोकं आणि माझ्या हातच्या स्वेटरचा खांदा. खांद्यावर एक टाका माझा चुकलेला होता, म्हणून मला कळलं. मी वर येऊन एर्लेंडला हाक मारली."

"पोलिसांना का नाही?"

"माझे वडील बुडाले तेव्हा पोलीस आले होते. मी बारा-तेरा वर्षांची. बापाला तपासायला ॲबरडीनला नेलं. कितीतरी आठवडे. परत आला तो खिळे ठोकलेल्या पेटीतून, आणि वर सांगितलं, उघडू नका. आई मरेपर्यंत विचारायची, त्यात खरंच तेच होते ना गं? मला तो प्रश्न विचारत जगायचं नव्हतं. माझा माणूस माझ्या हातात होता. तो मी परत द्यायला तयार नव्हते."

"मग थडग्यात?"

"तिथल्या एकेका दगडासाठी त्यानं पाठ मोडली होती. आम्ही फरशीखाली ठेवला त्याला. रोज जायचे मी. भांडायचे सुद्धा." ती किंचित हसली. "मग पाणी तुंबलं, मी मावशीकडे गेले होते, आणि परत येऊन बघते तर प्राध्यापकांनी त्याला काढून रांगेत बसवलेलं! मला दाखवत म्हणाले, बार्बरा, तुमच्या थडग्यात आणखी एक पाषाणयुगीन गृहस्थ निघाले. मी काय बोलणार? बोलले असते तर त्यांनी पेटीत घातला असता."

एर्लेंड म्हणाला, "दररोज लोकांना मी त्याच्यासमोर उभं करायचो. गेरूवालीबद्दल बोलायचो. याच्याबद्दल कधी एक शब्द खोटा बोललो नाही. जमत नव्हतं."

"आणि माझं आत जाणं सुटलं," बाबी म्हणाली. "दोन हिवाळे झाले, मी त्याला पाहिलेला नव्हता. काल त्या बाईनं दातांचं काढलं, तेव्हा मी याला म्हटलं, पुरे झालं आता. त्याला बाहेर आण. निदान पेटीशिवाय त्याच्या जागी ठेव."

वारा पडला होता. एक सील खडकावरून पाण्यात सरकला.

दविनाला ठाऊक होतं, ही हिरवळ अशीच राहू दिली तर कुणाचं काही बिघडणार नाही. तिनं दातांचं लक्षात नाही आलं असं लिहायचं, संध्याकाळची बोट पकडायची, झोपायचं. पण रोवेनाला सगळं समजलं होतं. आणि पुढच्या एखाद्या सार्जंटनं हाच प्रश्न एर्लेंडला त्याच्या ऐंशीव्या वर्षी, बाबी मागे नसताना, विचारला असता.

"मला त्याला न्यावं लागेल, बाबी."

"माहीत आहे," म्हातारी म्हणाली.

"पण पेटीला खिळे मारले जाणार नाहीत. मी स्वतः नेईन, स्वतः आणीन. आणि आणल्यावर तुम्ही उघडून बघायचं. कुणी नको म्हणालं तर त्याची गाठ माझ्याशी."

बाबीनं काठी वाळूत रोवली. मग एर्लेंडला म्हणाली, "फावडं आण."

७

अशा मरणांची चौकशी करणारे सरकारी वकील भले निघाले. ॲबरडीनच्या डॉक्टरांनी सिगर्डच्या पुतण्याच्या रक्ताशी ताडून पाहिलं आणि ती कवटी त्याचीच असल्याचं कळवलं. डोक्याला इजा खडकांची की आणखी कशाची, हे इतक्या वर्षांनी सांगता येत नाही, असंही लिहिलं. एर्लेंडचा हात तेव्हा प्लास्टरमध्ये असल्याची नोंद इस्पितळात निघाली. मरण लपवल्याबद्दल दोघांना समज देण्यात आली. वकीलसाहेबांनी ती फोनवरच दिली आणि शेवटी बाबीच्या खुब्याची चौकशीही केली.

दविना सिगर्डला मांडीवर घेऊन बोटीतून आली. जागा रिकामी असूनही तिनं पेटी बाजूला ठेवली नाही.

चर्चच्या आवारात बाबीनं झाकण उघडलं. अख्खं बेट जमलं होतं, पण सगळे पाठ करून समुद्राकडे बघत उभे राहिले. कुणी तसं ठरवलं नव्हतं. तिनं आत हात घातला, कपाळावरून अंगठा फिरवला.

"एकेचाळीसचा होता," ती दविनाला म्हणाली. "आता शेजारी बसवला तर माझा मुलगा शोभेल."

मग झाकण लावून तिनं मान हलवली आणि एर्लेंडनं पेटी खाली सोडली.

परतल्यावर बाबी कोटासकट पलंगावर आडवी झाली. दविना चहा टाकते म्हणाली आणि पाणी उकळायच्या आधीच खुर्चीत कलंडली. एर्लेंडनं शेगडी बंद केली. बोटीचा भोंगा वाजला, बोट सुटली. त्यानं दविनाला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्यटकांच्या दोन गाड्या मळ्याच्या फाटकाशी आल्या. एर्लेंड फाटकावर हात टाकून उभा होता. त्यानं सगळ्यांना दीपगृहाकडे, पफिनकडे लावून दिलं. थडगं का बंद आहे असं कुणी विचारलं, तर तो आवाज खाली आणून सांगत होता, घरात माणसं झोपली आहेत.